पराभवाचा सातबारा

(मुलुंड इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातली वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नोत्तरांतला एक भाग जोडला आहे.)



आजच्या विषयाची पाटी बाहेर लावली आहे: 'युद्ध हरल्यावर कोवळ्या लोकशाह्या का कोसळतात?' ती वाचून एका ज्येष्ठ श्रोत्यांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "विषय जर्मनीचा दिसतोय. मुलुंडमध्ये बसून आपण त्याचं काय करायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की १९६२ साली आपणही एक युद्ध हरलो. तेव्हा आपली राज्यघटना जेमतेम बारा वर्षांची होती. आणि त्या पराभवाच्या वेळचे संरक्षणमंत्री कुठून निवडून आले होते? इथूनच. व्ही. के. कृष्ण मेनन हे उत्तर मुंबईचे खासदार होते, आणि तेव्हाची उत्तर मुंबई म्हणजे मुख्यतः ही उपनगरंच. त्या पराभवाचा हिशेब मागायचा पहिला हक्क ज्यांचा होता, ते मतदार आपल्यापैकी काहींचे आईवडील असतील. काही तर आत्ता या सभागृहात बसले असतील.

म्हणून आज आम्ही दोन गोष्टी शेजारी ठेवणार आहोत. एक जर्मनीची, जिथे लोकशाही मेली. एक आपली, जिथे ती तगली. आणि दोन्हींबद्दल आपल्याकडे जे नेहमी सांगितलं जातं, ते थोडं तपासणार आहोत.

जर्मनीची गोष्ट मराठी घरांत बहुतेक वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'मधून आली. आमच्याही घरात तशीच आली. उत्तम पुस्तक, पण त्याचा विषय भस्मासुर आहे. त्यामुळे झालं काय, की भस्मासुर उभा राहण्याआधी चौदा वर्षं तिथे एक प्रजासत्ताक होतं, तिथे निवडणुका होत होत्या, ही गोष्ट आपल्या डोक्यात प्रस्तावनेसारखी राहिली. आणि प्रस्तावनेचा सारांश तीन शब्दांत तयार झाला: व्हर्साय, महागाई, हिटलर. तहानं नाक कापलं, महागाईनं कंबर मोडली, मग लोक चिडून हुकूमशहाकडे गेले. शाळेत हेच, वर्तमानपत्रात हेच, वक्तृत्व स्पर्धेत हेच.

आता ही साखळी जरा तारखांवर घासून बघा. महागाईचा कळस १९२३ चा. त्याच नोव्हेंबरात हिटलरनं म्युनिकमध्ये बंड केलं आणि ते फसलं. चलन सावरलं, प्रजासत्ताक टिकलं. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना तीन टक्केसुद्धा मतं मिळाली नाहीत. तह होता, महागाईची आठवण ताजी होती, तरी तीन टक्के नाहीत. मग १९२९ ची जागतिक मंदी आली आणि आकडे उसळले. पण मंदी एकट्या जर्मनीत नव्हती. अमेरिकेत लोकांनी अध्यक्ष बदलला, ब्रिटनमध्ये सरकार बदललं. जर्मनीत लोकांनी व्यवस्थाच बदलायला काढली. असं का? संकट आल्यावर तिथल्या माणसाला सरकारवर राग न येता प्रजासत्ताकावरच का आला?

आमच्या मते याचं उत्तर १९१८ च्या सप्टेंबरात आहे. जर्मन सैन्याची खरी सूत्रं तेव्हा दोघांच्या हातात होती, हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ. २९ सप्टेंबरला लुडेनडॉर्फनं कैसरला सांगितलं, की युद्ध हाताबाहेर गेलं आहे, युद्धविराम मागा. आणि त्याच बैठकीत दुसरी गोष्ट सुचवली: संसदेला जबाबदार असं नवं सरकार आणा आणि हा युद्धविराम त्यांना मागू द्या. चार वर्षं ज्या संसदेला युद्धाच्या कारभारात विचारलं नाही, तिला शेवटच्या महिन्यात बोलावून हातात बिल दिलं. जेवणारे उठून गेले आणि गल्ल्यावर भांडी घासणाऱ्याला उभं केलं, असा प्रकार.

११ नोव्हेंबरला युद्धविरामावर सही करायला जर्मनीच्या बाजूनं प्रमुख म्हणून गेले ते माथियास एर्झबर्गर, एक नागरी राजकारणी. सेनापती गेले नाहीत. आणि सामान्य जर्मन माणसाला काय दिसत होतं? वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये रशियावर मोठा तह लादला होता. जर्मन सैन्य अजून परक्या भूमीवर उभं होतं. मग अचानक हार कशी? खुद्द नव्या सरकारचे प्रमुख एबर्ट यांनी डिसेंबरमध्ये परत आलेल्या सैनिकांना सांगितलं, की तुम्हाला कुठल्याही शत्रूनं हरवलेलं नाही. चांगल्या मनानं सांगितलं असेल. थकलेल्या पोरांना आणखी काय सांगणार? पण त्या एका वाक्यानं त्यांनी आपल्याच सरकारच्या पायाखालची माती काढली. शत्रूनं हरवलं नाही, तर मग कुणी हरवलं?

वर्षभरानं उत्तर आलं. १९१९ च्या नोव्हेंबरात संसदेच्या चौकशी समितीपुढे हिंडेनबर्गनं साक्ष दिली, की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. पाठीतला खंजीर हा शब्दप्रयोग महाराष्ट्राला आम्ही नव्यानं समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की तिथे त्या खंजिरानं खरोखरची माणसं मेली. सही करणारे एर्झबर्गर १९२१ च्या ऑगस्टमध्ये फिरायला गेले असताना गोळ्या घालून मारले गेले. पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री राथेनाऊ मारले गेले. ज्या तीन पक्षांनी प्रजासत्ताक उभं केलं, त्यांना १९१९ च्या जानेवारीत मिळून तीन-चतुर्थांश मतं होती. दीड वर्षात ती निम्म्याच्या खाली आली आणि पुन्हा कधीच वर गेली नाहीत. आणि हिंडेनबर्ग? १९२५ मध्ये जर्मन जनतेनं त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. वय सत्त्याहत्तर. ३० जानेवारी १९३३ ला हिटलरला चॅन्सेलर नेमलं तेही त्यांनीच.

आम्हाला सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वात बोलकी वाटते. ज्यानं युद्ध हरलं तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि ज्यानं हरल्याच्या कागदावर सही केली तो मारला गेला. जमिनीचा सातबारा चुकीच्या नावावर चढला, की पुढच्या तीन पिढ्या कोर्टात जातात हे आपण गावागावांत बघतो. पराभवाचंही तसंच होतं. तो कुणाच्या नावावर चढतो, यावर पुढचं सगळं ठरतं. जर्मनीत तो लोकशाहीच्या नावावर चढला.

आता आपल्याकडे येऊ.

१९६२ च्या फेब्रुवारीत सार्वत्रिक निवडणूक होती. उत्तर मुंबईत मेनन यांच्यासमोर उभे राहिले आचार्य कृपलानी. काँग्रेसचे माजी अध्यक्ष, गांधींचे जुने सहकारी, आता विरोधात. १९६१ मध्येच त्यांनी लोकसभेत मेनन यांच्यावर तोफ डागली होती: सैन्यात गट पाडले, पैसा वाया घालवला, चीनकडे दुर्लक्ष केलं. त्याआधी १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्या यांनी राजीनामा देऊन मागे घेतल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं. म्हणजे जो प्रश्न पुढे हिमालयात रक्तानं सुटायचा होता, तो आधी अंधेरी-घाटकोपरच्या मैदानांवर जाहीरपणे मांडला गेला. चीन सीमेवर घुसतोय आणि मंत्री झोपलेत, अशा घोषणा इथल्या रस्त्यांवर दिल्या गेल्या.

आणि मतदारानं काय केलं? मेनन यांना कृपलानींच्या जवळपास दुप्पट मतं दिली.

याला कारणं होती. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता आणि संरक्षणमंत्री मेनन होते. या भागात गोवा, मालवण, सावंतवाडीची किती घरं आहेत ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. नेहरू स्वतः प्रचाराला आले होते. साताऱ्याची सैनिक शाळा, देशी शस्त्रनिर्मितीचा आग्रह, हेही मेनन यांच्या खात्यावर जमा होतं. मतदार मूर्ख नव्हता. पण त्याच्यापुढे एक नेमका इशारा मांडला गेला होता आणि त्यानं तो बाजूला सारला, हेही तितकंच खरं.

२० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला. पुढचा महिना आपल्याला ठाऊक आहे. नामका चू, से ला, बोमडिला. संरक्षण खात्याच्या आकड्यांनुसार १,३८३ जवान मृत, सुमारे १,७०० बेपत्ता, जवळपास चार हजार युद्धकैदी.

त्यानंतर काय झालं याचं आपल्याकडे एक आवडतं वाक्य आहे: हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला. यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. वाक्य सुंदर आहे, यशवंतरावांचं कामही मोठं आहे. पण या वाक्यानं आपण एक अडचणीची गोष्ट झाकतो. सह्याद्री धावून गेला तो रिकाम्या खुर्चीकडे. ती खुर्ची रिकामी कशी झाली? आम्हाला विचाराल तर आपल्या लोकशाहीचा खरा पराक्रम तिथे आहे.

बघा, युद्ध चालू असताना काँग्रेसच्याच खासदारांनी आपल्या पंतप्रधानांकडे मेनन यांना काढण्याची मागणी लावून धरली. ३१ ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं आणि मेनन यांना संरक्षण उत्पादन खातं दिलं. सदस्यांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. आठवड्यात मेनन मंत्रिमंडळाबाहेर होते. ८ नोव्हेंबरला, सैन्य मागे हटत असताना, संसदेचं अधिवेशन मुदतीआधी बोलावलं गेलं. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा तरुण खासदार होते, अधिवेशनाची मागणी करणाऱ्यांत ते पुढे होते. युद्धाच्या ऐन मध्यात सभागृहात आठवडाभर चर्चा झाली, आणि सरकारला नको ते ऐकावं लागलं. लष्करप्रमुख थापर यांनी पद सोडलं. जनरल कौल गेले.

आणि कृपलानी? उपनगरांनी पाडलेले कृपलानी १९६३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परत आले. त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र भारताच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव मांडला. ठराव पडला, ६२ विरुद्ध ३४७. पण पराभूत पंतप्रधानांना लोकसभेत बसून आपल्याविरुद्धचं आरोपपत्र ऐकावं लागलं आणि उत्तर द्यावं लागलं. कुणी कुणाला गोळी घातली नाही.

म्हणजे आपल्याकडे पराभव नेमक्या माणसांच्या नावावर चढला, मंत्री, सेनापती आणि पंतप्रधान. ती माणसं बदलता येत होती. काहींना बदललं, काहींना सभागृहात उभं करून विचारलं. त्यामुळे 'संसद हवीच कशाला' हा प्रश्न इथे मूळ धरू शकला नाही.

आता आमच्याच म्हणण्यावर दोन आक्षेप आम्हीच घेतो, म्हणजे तुम्हाला कष्ट नकोत.

पहिला आक्षेप प्रमाणाचा. जर्मनीचे सुमारे वीस लाख सैनिक मेले, चार वर्षं उपासमार झाली. आपलं युद्ध एक महिन्याचं आणि सीमेवरचं. दोन्ही एका तराजूत कसे घालता? आक्षेप खरा आहे. शिवाय आपल्या लोकशाहीनं तोवर तीन सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या होत्या. जर्मन प्रजासत्ताक जन्मलंच पराभवाच्या आठवड्यात. म्हणून आम्ही असं म्हणत नाही, की १९१८ चा जर्मनी आपल्यासारखा वागला असता तर हिटलर आलाच नसता. आम्ही एवढंच म्हणतो, की घाव कितीही लहान-मोठा असो, तो कुठल्या दिशेनं चिघळतो हे हिशेब कुणाकडून घेतला त्यावर ठरतं.

याला शेजारचा दाखला बघा. १९७१ चा पाकिस्तान. युद्ध हरलं लष्करी राजवटीनं. मग भुट्टोंचं नागरी सरकार आलं, १९७३ मध्ये राज्यघटना आली. पराभवाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती हमूदुर रहमान यांचा आयोग नेमला गेला. अहवाल तयार झाला आणि कुलपात गेला. तो लोकांपुढे यायला २००० साल उजाडलं. ज्यांच्याबद्दल तो होता, त्यांच्यावर खटले चालले नाहीत. ५ जुलै १९७७ ला त्याच सैन्यानं भुट्टोंचं सरकार उलथवलं. उलट अर्जेंटिनात १९८२ मध्ये लष्करी राजवट फॉकलंडचं युद्ध हरली आणि तो पराभव तिच्याच नावावर चढला. दीड वर्षाच्या आत निवडणुका झाल्या, आणि १९८५ मध्ये त्या सेनापतींवर त्यांच्या राजवटीतल्या अत्याचारांबद्दल नागरी न्यायालयात खटला चालला. तिथे हरलेल्या युद्धानंतर लोकशाही आली.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. आपण स्वतःची पाठ फार थोपटतोय का? थोडी थोपटतोय. म्हणून उधारीची बाजूही वाचू.

२६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली. युद्ध महिन्यात थांबलं. आणीबाणी उठली १९६८ च्या जानेवारीत. पाच वर्षांहून जास्त! भारत संरक्षण नियमांखाली विनाचौकशी अटका झाल्या, साम्यवादी पक्षातल्या डाव्या गटाचे अनेक जण तुरुंगात गेले. चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांतल्या अनेकांचा जन्म इथलाच होता. सीमा कुठे आहे हेही त्यांतल्या कित्येकांना ठाऊक नसेल. चुकीच्या नावावर सातबारा चढवण्याचं काम आपणही केलं. फक्त ज्यांच्यावर चढवला ते थोडे होते, म्हणून आपल्याला दिसलं नाही.

आणि तो अहवाल. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी १९६३ मध्ये पराभवाची चौकशी करून तो दिला. कार्यकक्षा लष्करी कारवाईपुरती होती, मंत्रालयापर्यंत ती जात नव्हती. यशवंतरावांनी लोकसभेत त्याचा सारांश सांगितला. मूळ अहवाल अजून गोपनीय आहे. कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात मागितला, २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं नाही म्हटलं. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तरी सरकारचं 'नाही' कायम. सरकारं बदलली, पक्ष बदलले, कुलूप तेच. कारगिल आपण जिंकलो, त्याचा अहवाल वर्षभरात संसदेपुढे आला. जिंकलेल्या युद्धाचा अहवाल आपण छापतो, हरलेल्याचा कपाटात ठेवतो. या बाबतीत आपण पाकिस्तानच्या फार पुढे आहोत असं म्हणवत नाही.

एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न घेऊ.

(मागच्या रांगेतून एक आजोबा: "मी घाटकोपरचा. १९६७ ला पहिलं मत दिलं. तुम्ही म्हणता मेनन यांना पराभवाची शिक्षा झाली. पण आमच्याकडे प्रचारात चीन फारसा नव्हताच. मेनन बाहेरचे आहेत, एवढंच होतं.")

आजोबा, तुम्ही आमचं राहिलेलं सांगितलंत. बरं झालं.

१९६७ मध्ये काँग्रेसनं मेनन यांना उमेदवारी दिली नाही, आणि ते बाहेरचे आहेत हेच कारण चर्चेत होतं. ते अपक्ष म्हणून उत्तर-पूर्व मुंबईत उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे, कर्तबगार प्रशासक. नुकत्याच, जून १९६६ मध्ये, स्थापन झालेल्या शिवसेनेनं बर्व्यांना पाठिंबा दिला. दक्षिण भारतीयांविरुद्धचा तो काळ. मेनन सुमारे तेरा हजार मतांनी पडले. बर्वे लगेच वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा पडले.

म्हणजे शिक्षा कदाचित योग्य माणसाला झाली, पण आरोपपत्र चुकीचं होतं. 'से ला कसं पडलं, उत्तर द्या' असं विचारून मतदारानं त्यांना पाडलं असतं, तर त्या तेरा हजारांचा अर्थ वेगळा झाला असता. 'तुम्ही केरळचे' असं म्हणून पाडलं, तेव्हा से लाचा प्रश्न तसाच राहिला आणि बाजूच्या इमारतीत राहणारा, बँकेत टंकलेखन करणारा माणूस विनाकारण संशयित झाला. राथेनाऊंना मारणाऱ्यांनीही त्यांच्या धोरणाचा हिशेब मागितला नव्हता. ते ज्यू आहेत एवढं त्यांना पुरेसं होतं. तिथे जे झालं ते इथे झालं नाही, आम्ही दोन्हींची बरोबरी करत नाही. पण दार तेच आहे. 'काय केलं?' या प्रश्नाच्या जागी 'कोण आहे?' हा प्रश्न आला, की ते उघडतं.

आणि आणखी एक. १९६२ च्या फेब्रुवारीत मेनन यांना दुप्पट मतं देणारा मतदारही याच उपनगरांतला. पाच वर्षांनी त्यांना बाहेरचं ठरवणं सोयीचं होतं, कारण मग आपलं मत चुकलं होतं का, हे स्वतःला विचारावं लागत नाही. पराभवाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात लहान अक्षरात आपलंही नाव असतं. ते वाचायची तयारी असलेला मतदार कुठल्याही सेनापतीच्या खंजिराच्या गोष्टीला सहज भुलत नाही.

तेव्हा आजोबा, त्या निवडणुकीत तुम्ही काय ऐकलंत, कुणाला मत दिलंत आणि का, ते नातवंडांना सांगा. जमलं तर लिहून ठेवा. सरकारी अहवाल निघेल तेव्हा निघेल.

पुढचा प्रश्न कुणाचा?